बुधवार शून्य

दिनांक ९ जानेवारी २००२, बुधवार. रक्कम तीनशे दहा रुपये, एका इंजेक्शनाची. हजर माणसं पाच: मी, माझी बायको, आमची आठ वर्षांची मुलगी, डॉक्टर, आणि ज्यांचं कुत्रं मुलीला चावलं त्या मळ्यातल्या आजी.

कुत्रं चावलं संध्याकाळी सव्वापाचला. वेळ पक्की सांगतो, कारण मुलगी रडत घरी आली तेव्हा बायकोनं घड्याळाकडे बघितलं होतं आणि मळा आमच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे. आम्ही तेव्हा नाशिकला मखमलाबाद रोडच्या एका नव्या वसाहतीत राहत होतो. वसाहतीच्या मागच्या तारेपलीकडे शेवंती आणि कोबीचा मळा होता. संक्रांत पाच दिवसांवर आलेली, आभाळात पतंग. एक कटलेला पतंग मळ्यात पडला, मुलगी तारेखालून आत गेली, आणि वाफ्याच्या कडेला झोपलेल्या तांबड्या कुत्र्यावर तिचा पाय पडला. उजव्या पोटरीवर दोन दात उमटले. आजी तिला हाताला धरून घरी घेऊन आल्या, तोवर त्यांनी जखमेत मिरचीपूड भरली होती.

डॉक्टरांनी आधी ती पूड साबणाच्या पाण्यानं धुऊन काढली. पंधरा मिनिटं नळ चालू होता. मुलगी ओरडत होती आणि आजी दारातून म्हणत होत्या, "आमच्याकडं समद्यांना हेच लावत्यात."

"म्हणूनच सगळे इकडे येतात," डॉक्टर म्हणाले.

आता पोटात चौदा टोचत नाहीत, दंडात पाच पुरतात, असं त्यांनी सांगितलं. पहिलं लगेच टोचलं आणि कागदावर दिवस लिहून दिले: ०, ३, ७, १४, ३०. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "कुत्रं पाळीव आहे हे बरं झालं. त्याला बांधून ठेवायला सांगा आणि दहा दिवस लक्ष ठेवा. दहा दिवस ठणठणीत राहिलं तर चिंता नाही, शेवटची दोन इंजेक्शनं घेतली नाहीत तरी चालेल. आजारी पडलं, मेलं, नाहीसं झालं, तर लगेच मला कळवा."

"मग काय करायचं?"

"मग बघू," ते म्हणाले. ते माझ्याकडे न बघता हात पुसत होते.

मी भित्रा माणूस नाही. सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात होतो. ऑडिटर आले की इतरांचे हात गार पडत, माझे पडत नसत. पण हा रोग मी पाहिलेला होता. म्हणजे ऐकलेला होता. मी नऊ-दहा वर्षांचा असताना मामाच्या गावी, देवळा तालुक्यात, शेजारच्या घरात एक पस्तिशीचा माणूस त्यानं गेला. खोलीचं दार बाहेरून लावलेलं होतं. आतून कोणी तांब्या आपटल्याचा आवाज आला आणि मग जो आवाज आला तो मी इथे लिहीत नाही. पाणी नुसतं दाखवलं तरी तो माणूस तसा ओरडायचा. बाहेर ओट्यावर वैद्य विचारत होता, कुत्रं कधी चावलं? बायको म्हणे दिवाळीच्या आधी. भाऊ म्हणे नाही, बाजरी निघाली तेव्हा. आई म्हणे चावलंच नाही, नुसतं ओरबाडलं होतं. कोणालाच सांगता येईना. तिसऱ्या दिवशी दार उघडलं.

तारखा लिहून ठेवायची सवय मला तेव्हाच लागली असं मी म्हणणार नाही, पण ती लागली खरी. विजेच्या बिलाची शेवटची तारीख, गॅसचा नंबर लावल्याचा दिवस, सासऱ्यांचं श्राद्ध, मेहुणीच्या मुलाची दहावीची वेळापत्रकं, सगळं आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर. मेहुणा चेष्टा करायचा, "दाजी, तुम्ही जन्मलात की छापखान्यातून आलात?" पण त्यालाही स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस मीच आदल्या दिवशी फोन करून सांगायचो.

त्या रात्री जेवणाआधी मी पेन्सिल घेतली आणि नऊ तारखेच्या चौकोनात १ लिहिला, दहाच्या २, अकराच्या ३. असं करत अठराच्या चौकोनात १० आला. त्याला गोल केला. मग मळ्यात गेलो. आजी चुलीपाशी बसल्या होत्या. कुत्रं आंब्याच्या झाडाला सुती दोरानं बांधलेलं होतं.

"आजी, याला दहावा होईपर्यंत सोडायचं नाही," मी म्हणालो.

"दहावा?" आजींनी हातातली काडी खाली ठेवली. "जित्या जनावराचा दहावा? काय बोलता साहेब, तोंड धुऊन या."

"दहावा दिवस म्हणतोय हो. पोरीसाठी."

"बरं बरं. पोरीसाठी ठिवते बांधून. पर त्याला सवय नाय, वरडून वरडून मळा डोक्यावर घील."

गुरुवारपासून मी रोज दोनदा मळ्यात जाऊ लागलो. सकाळी साडेसातला, ऑफिसची बस पकडायच्या आधी, आणि संध्याकाळी सहाला. कडाक्याची थंडी होती, शेजारच्या द्राक्षबागेत शेकोट्या पेटवलेल्या असायच्या आणि त्या धुरातून मी कुत्र्याकडे बघत उभा राहायचो. ते शेपूट हलवतं का. लाळ गळते का. डोळे लाल आहेत का. पाणी पितं का. घरी येऊन कॅलेंडरच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहायचो: 'भाकरी दीड. पाणी प्यालं.'

आजी म्हणायच्या, "माझा भाऊ घोटीला ऱ्हातो, वरसातनं एकदा येत नाय. तुम्ही कुत्र्यासाठी दोन टायम येता."

आणि घरी मी मुलीला पाणी पाजायचो. उठल्यावर एक फुलपात्र, शाळेतून आल्यावर एक, जेवताना एक. ती प्यायला लागली की तिच्या गळ्याकडे बघत राहायचो, घोट खाली उतरेपर्यंत. हा रोग इतक्या लवकर दिसत नाही, महिना-दोन महिने लागतात, हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी बघायचो. एकदा तिला ठसका लागला आणि माझ्या हातातली वाटी खाली पडली.

"बाबा, तुम्ही माझ्याकडे असं का बघता?" तिनं विचारलं.

बायकोनं ते ऐकलं. मागच्या गॅलरीत मला गाठून म्हणाली, "अहो, ती रोगानं नाही मरायची, तुमच्या पाण्यानं मरेल. आणि तोंड आरशात बघा एकदा. पोरगी घाबरायला लागलीय."

शुक्रवारी, अकरा तारखेला, मी अर्धी सुट्टी टाकून मुलीला दुसऱ्या इंजेक्शनाला नेलं. तिसरा दिवस. औषधाची बाटली रविवार कारंजावरच्या दुकानातून बर्फात घालून, थर्मासमध्ये आणली होती. कंपाउंडरनं कागद बघितला आणि परत दिला.

"काका, आज नाही. उद्या."

"आज तिसरा दिवस आहे."

"आज दुसरा."

"बुधवार एक, गुरुवार दोन, शुक्रवार तीन," मी बोटं दाखवली.

"बुधवार शून्य," तो म्हणाला. "कागदावर काय लिहिलंय? शून्य, तीन, सात. पहिलं टोचलं तो दिवस शून्य. बाटली फ्रिजमध्ये ठेवतो, उद्या या."

मला राग आला. सव्वीस वर्षं आकडे लिहिले, शून्यापासून मोजायला कोणी सुरुवात केलेली मी पाहिली नव्हती. पहिली नोंद ती पहिली. पण इंजेक्शन त्यांचं, मोजणी त्यांची. शनिवारी परत गेलो, टोचून घेतलं आणि पुढच्या तारखा त्यांच्या पद्धतीनं लिहून घेतल्या: सोळा, तेवीस, आठ फेब्रुवारी. घरी आल्यावर कॅलेंडरवर इंजेक्शनाच्या तारखांना लाल खुणा केल्या.

पेन्सिलीचे आकडे मात्र मी तसेच राहू दिले. ते कुत्र्याचे होते. एकाच पानावर दोन मोजण्या चालू होत्या, एकीत बुधवार शून्य होता आणि दुसरीत एक, आणि रोज दोनदा त्या पानापुढे उभं राहूनही मला ते दिसलं नाही. दुसऱ्या कोणाच्या वहीत असं दिसलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं.

संक्रांतीला आजींनी तिळगूळ दिला. बुधवारी सोळाला तिसरं इंजेक्शन झालं. दंड सुजला, ताप आला नाही. मला वाटायला लागलं होतं की निभावलं.

गुरुवारी सकाळी कुत्रं उठून आलं नाही. झाडाच्या मुळाशी तोंड दुसरीकडे करून पडलं होतं. समोर कालची अख्खी भाकरी.

"काल रातीपास्नं तोंड लावत नाय," आजी म्हणाल्या.

"पाणी?"

"प्यालं असंल. नाय बघितलं म्या."

मी पाण्याचं पातेलं त्याच्या तोंडापुढे सरकवलं. त्यानं मान फिरवली. मी झाडाला हात लावून उभा राहिलो. त्या दिवशी ऑफिसमध्ये एका बेरजेत मी तीनदा चुकलो. संध्याकाळी परत गेलो तर ते बसलेलं होतं, भाकरी तशीच, पण पातेलं निम्मं होतं. ते पाणी कुत्रं प्यालं की त्यानं सांडलं, हे सांगायला कोणी नव्हतं. घरी मी बायकोला भाकरीचं सांगितलं नाही. कॅलेंडरवर लिहिलं, 'भाकरी नाही.' तिनं ते वाचलं असणार, कारण जेवताना तिनं मुलीला स्वतःच दुसऱ्यांदा पाणी दिलं.

शुक्रवार, अठरा तारीख. सकाळी साडेसातला कुत्रं बांधलेलं होतं, उभं होतं, माझ्याकडे बघून गुरगुरलं. आधी कधी गुरगुरलं नव्हतं. मी मनाशी म्हटलं, आज दहा. आजचा दिवस काढला की संपलं. संध्याकाळी सहाला गेलो तर झाडाला नुसता दोर होता.

"सोडला," आजी म्हणाल्या. "नऊच्या सुमाराला. सोडला तसा जो पळाला, वळून नाय बघितलं."

"का सोडलं?"

"आवो दहावा झाला न्हवं आज! तुम्हीच म्हणाला व्हता. बुधवार धरून मोजा." आणि त्या बोटांच्या पेरांवर मोजायला लागल्या, "बुध, बेस्तर, सुक्कर..."

मला मोजायची गरज नव्हती. आमच्याकडे माणूस गेला की तो गेला तो दिवस धरून मोजतात. बुधवारी गेला तर पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी दहावा. नाशिकला गोदावरीवर रोज कितीतरी दहावे होतात, त्यात कोणी दिवस चुकत नाही, आणि आजीही चुकल्या नव्हत्या. मी शब्द दिला दहावा, त्यांनी दहावा मोजला. डॉक्टर म्हणाले होते दहा दिवस. बुधवारी सव्वापाचपासून शुक्रवारी नऊपर्यंत ते नऊसुद्धा पुरे होत नव्हते. कंपाउंडरनं मला हीच चूक सात दिवसांपूर्वी बोट ठेवून दाखवली होती.

तसाच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कालपर्यंत तब्येत कशी होती?"

"बुधवार रात्रीपासून खात नव्हतं. आज सकाळी गुरगुरलं."

डॉक्टरांनी कागद मागून तारखा बघितल्या. मग म्हणाले, "तिन्ही इंजेक्शनं वेळेवर झालीत. बाकीची दोन्ही घ्यायची, तो आता प्रश्नच नाही. मुलीला ताप, पायाला मुंग्या वगैरे?"

"नाही. मुंग्या आल्या तर काय?"

"कुत्रं सापडतंय का बघा," ते म्हणाले.

शनिवारी मी न कळवता रजा घेतली, नोकरीत पहिल्यांदाच. आजींनी फडक्यात भाकरी बांधून दिली, आवाजानं नाही आला तरी वासानं येईल म्हणून. आमच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर मला फाटकाशी म्हणाले की पिसाळलेलं कुत्रं घर सोडतं आणि नाकासमोर सरळ चालत राहतं, वळत नाही. त्यांना कदाचित मदतच करायची होती. मी स्कूटर काढली आणि मळ्यापासून सरळ गेलो. पाटाच्या कडेचा रस्ता, द्राक्षबागा, वीटभट्ट्या. भेटेल त्याला विचारत होतो: तांबडं कुत्रं, पांढरे पाय. निम्म्या नाशिकची कुत्री तांबडी आहेत हे मला त्या दिवशी समजलं.

साडेबाराच्या सुमाराला रस्त्याच्या कडेला एक मेलेलं कुत्रं दिसलं. तांबडं. पाय अंगाखाली दुमडलेले, त्यामुळे रंग दिसेना. मी स्कूटर उभी केली पण जवळ जाववेना. किती वेळ उभा होतो ते मी पाहिलं नाही, आणि वेळ न पाहिल्याचा माझ्या आयुष्यातला तो एकच प्रसंग असेल. डोक्यात एकच येत होतं: पायाला मुंग्या आल्या तर ती आधी कोणाला सांगेल, आईला की मला? मग एक काठी घेतली आणि ते उलटवलं. पाय काळे होते. शिवाय कुत्री होती. मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसलो.

परत फिरलो. सरळ रेषा सोडली आणि गल्ल्या घेतल्या. चारला दहा मिनिटं कमी असताना, मळ्यापासून मोजून दीड किलोमीटरवर, एका अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या वाळूच्या ढिगावर सहा-सात कुत्री दिसली. एक कुत्री, बाकी नर. त्यात तांबडं, पांढऱ्या पायांचं एक, कान फाटलेलं, रक्त सुकलेलं.

मी पुढे झालो तसा तिथला वॉचमन ओरडला, "ओ काका, लांब व्हा! यांचं लग्न चाललंय, वरातीत जाऊ नका!"

"ते तांबडं कधीपासून आहे?"

"ते? काल सकाळपास्नं. सगळ्यांशी मारामारी करून झाली त्याची. ही कुत्री मंगळवारपास्नं इथं हाय, आख्ख्या एरियाची पोरं हिच्या मागं."

म्हणजे ते न खाणं आणि ते गुरगुरणं याचं होतं. किंवा नसेल. मी खात्री धरायला तयार नव्हतो. मी फडकं सोडलं आणि भाकरीचा तुकडा लांबून टाकला. तांबड्यानं हुंगलं आणि गिळला. दुसरा टाकला, तोही. मग ते उठलं, भिंतींना मारायच्या पाण्याचा तिथे हौद होता त्याच्या काठावर पुढचे पाय ठेवले आणि प्यायला लागलं. लपालपा आवाज करत, कितीतरी वेळ.

घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती. सव्वापाचला दहा दिवस पुरे होत होते. मी विटांच्या थप्पीवर बसलो.

"काका, कोणाची वाट बघताय?" वॉचमननं विचारलं.

"सव्वापाचची," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मग माझ्या घड्याळाकडे.

त्या सत्तर मिनिटांत ते कुत्रं दोनदा भांडलं, एकदा झोपलं. झोपलं तेव्हा मी उठून त्याचं पोट वरखाली होतंय का बघत होतो. सव्वापाच झाले. माझं घड्याळ पुढे असलं तर, म्हणून साडेपाचपर्यंत थांबलो. मग डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "सुटलात. आता पुढची दोन घेऊ नका, गरज नाही." मी म्हटलं, घेतो. त्यांनी खांदे उडवले.

चौथं तेवीस तारखेला आणि पाचवं आठ फेब्रुवारीला झालं. औषधाचे पाच वेळा तीनशे दहा, म्हणजे पंधराशे पन्नास, रविवार कारंजाच्या दुकानदाराला. टोचण्याचे दर वेळी वीस, असे शंभर डॉक्टरांना.

कुत्रं पाच दिवसांनी आपणहून मळ्यात परत आलं. मी आजींना त्याच्या दहा दिवसांच्या खाण्याचे पैसे देऊ केले तर त्यांनी हात झटकला. "भाकरीचं पैसं घेत्यात व्हय कुनी? पर एक सांगते. तुम्ही रोज दोन टायम वाफ्यामधून सरळ चालत यायचा, बांधावरनं नाय. माझी चौदा रोपं तुडवली शेवंतीची. ऐन भरातली. दोन रुपयं रोपाचं द्या."

मला ते आठवत नव्हतं. दहा दिवस मी पायाखाली बघितलंच नव्हतं. जाऊन बघितलं तर माझ्या बुटांची वाट वाफ्यातून थेट आंब्याच्या झाडापर्यंत गेलेली होती. रोपं मोजली, तेरा भरली. अठ्ठावीस रुपये दिले, आजींच्या हातात.